एका कापडात तीन

आमच्या हिचा आवाज किती मोठा होता ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. आमच्या कारखान्यात चाळीस शिलाई मशिनं एकदम चालतात. ती चालू असली की शेजारी उभ्या असलेल्या माणसाचंही धड ऐकू येत नाही. तिथे ही कटिंगच्या टेबलाशी उभी राहून म्हणायची, "तिसऱ्या रांगेत बाही उलटी लागतेय," आणि तिसऱ्या रांगेतल्या बाईचा पाय पायडलवरून आपोआप उचलला जायचा. मी त्याच कारखान्यात मशिनांचा मिस्त्री. एखाद्या मशिनाखाली डोकं घालून पडलेला असलो तरी तो आवाज मला बरोबर गाठायचा.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं, हा आवाज ठेवायचा की जीव, ते तुम्ही ठरवा. आणि बाईसाहेब ठरवेनात, कारण बाईसाहेबांना रोबो लढवायचे होते. हे वाक्य मी शंभर जणांना सांगितलं असेल, आणि शंभरही जणांनी मला ते पुन्हा म्हणायला लावलं.

सगळे तिला मास्तरीण म्हणतात. शिकवते म्हणून नव्हे, कापड कापते म्हणून. कारखान्यात आली ती एकोणिसाव्या वर्षी, शिवून झालेल्या शर्टांचे लोंबणारे धागे कापायला. बसायची जागा कटिंग टेबलाच्या टोकाशी, चिंध्यांच्या ढिगाजवळ. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या गप्पा मारायच्या आणि ही चिंध्या जमिनीवर मांडून बसायची, तुकड्याला तुकडा लावत. महिन्याभराने तिने तेव्हाच्या कटिंग मास्तरांना जाऊन सांगितलं की तुमच्या प्रत्येक थरातून एक खिसा वाया जातोय.

आता यात काय मोठंसं, असं वाटेल. पण युनिफॉर्मच्या कारखान्यात शर्ट एकेक कापत नाहीत. मोठ्या कागदावर बाही, कॉलर, पाठ, खिसा असे सगळे तुकडे आखतात, इतके खेटून की मध्ये बोटभरही कापड वाया जाऊ नये. त्या कागदाला मार्कर म्हणतात. तो कापडाच्या शंभर थरांवर पसरायचा आणि कटिंग मशीन त्या रेघांवरून फिरवायचं. रेघ चुकली तर एक शर्ट चुकत नाही, शंभर चुकतात. म्हणून कटिंग मास्तर हा कारखान्यातला सगळ्यात तापट माणूस असतो आणि त्याला कुणी काही सांगत नाही. या पोरीने सांगितलं, वर स्वतः आखलेला कागद पुढे केला. मास्तर भडकले, कागद घडी करून खिशात घातला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच कागदाप्रमाणे कापायला लागले. हिचं नाव मात्र कुठे घेतलं नाही. तीन वर्षांनी पाठीच्या दुखण्याने ते घरी बसले, तेव्हा मालकांनी विचारलं, आता टेबलावर कोण? मास्तरांनी हिच्याकडे बोट दाखवलं. माझं लग्न त्याच्या पुढच्या वर्षी झालं. लग्नाआधी ती माझ्यावर फक्त कारखान्यात ओरडायची, मग घरीही ओरडायला लागली, एवढाच फरक पडला.

रोबोचं खूळ आणलं ते जवळच्या तंत्रशाळेतल्या सरांनी. त्यांना कॅनव्हासचे पडदे शिवून हवे होते, म्हणून ते आले. पडदे कशाला, तर म्हणे स्पर्धा आहे, छोटे रोबो एका पेटीत सोडून एकमेकांशी लढवायचे. मी म्हटलं, मोठी माणसं ना तुम्ही? पण ही खडू हातात धरून ऐकत होती. सरांनी नियम सांगितले. रोबोचं वजन तीन किलोच्या आत हवं. कुणाला गट उतरवायचा असेल तर तोही चालतो, पण मग सगळे मिळून तीन किलो. आजवर असा गट कुणी उतरवलेला नव्हता, कारण तीन किलोत एकच धड बनता बनत नाही.

हिने विचारलं, तीन किलोला कापड किती लागतं? सरांना काही कळेना. तिला म्हणायचं होतं, रोबोचं अंग ज्याचं बनवतात तो पत्रा किती. सरांनी हाताने माप दाखवलं. भाजी चिरायच्या पाटाला असतं तसलं जाड पांढरं प्लास्टिक वापरतात म्हणाले, आणि एवढ्या तुकड्यात एक बसतो. ही त्या हवेतल्या मापाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "एका कापडात तीन बसतील."

मी कपाळावर हात मारला. तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी हज्जारदा ऐकलंय, आणि ते म्हटल्यावर तीन बसले नाहीत असं कधी झालेलं नाही.

चालवायला तिघी हव्या होत्या, प्रत्येक रोबोला एक. तिने विचारपूस वगैरे काही केली नाही, सरळ जाहीर केलं. पहिली ओव्हरलॉकवाली, कापडाचे सुटणारे काठ बांधायच्या मशिनावरची. उंच, घुमी बाई, दिवसाला चार शब्द बोलणार, त्यातले दोन 'हो' आणि 'नाही'. दुसरी काजवाली. शर्टाची काजं करायच्या मशिनावर बसते आणि तोंडाने इतकी फटकळ की मालकही तिच्या रांगेतून लवकर निघतात. तिसरी चेकरबाई. ती निवृत्तीला आलेली, जाड चष्म्याची. शिवून झालेला प्रत्येक शर्ट तिच्या हातून जातो आणि सुटलेला एकही टाका तिच्या नजरेतून सुटत नाही. रोबोंची नावं हिनेच ठेवली: थोरली, मधली, धाकटी. थोरली बाराशे ग्रॅमची, रुंद, ढकलणारी. मधली एक किलोची, तिला पुढे उचलायचा हात. धाकटी आठशे ग्रॅमची आणि तिच्या नाकावर फिरतं पोलादी पातं. थोरली ओव्हरलॉकवालीकडे, मधली चेकरबाईंकडे आणि धाकटी काजवालीकडे. मी म्हटलं, मोटारी, चाकं, जोडणी कोण करणार? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. वायरी आणि रिमोटचं सर बघणार होते.

तिने मार्कर आखला तो मी जपून ठेवलाय. प्लास्टिकच्या एका तुकड्यावर तीन रोबोंचे एकोणतीस भाग, एकमेकांच्या कुशीत घुसवलेले. सरांनी तो कागद आडवा धरला, उभा धरला, आणि कुणाकडे शिकलात म्हणून विचारलं. ती म्हणाली, चिंध्यांकडे.

आणि इथेच गंमत झाली. मी सगळे भाग रेघेवरून कापले, जोडायला घेतले, तर एकही बसेना. प्रत्येक भाग चारही बाजूंनी अर्धा इंच मोठा. शिवणात दाबायला जे जास्तीचं कापड सोडतात त्याला आमच्यात माया म्हणतात. ती सोडली नाही तर शिवण काठावर येते आणि उसवते. तीस वर्षं तो हात माया सोडत आलेला. प्लास्टिकलाही सोडून बसला. वजन केलं तर तीन किलो चारशे. काजवाली म्हणाली, रोबो पुढे जाड झाला की उसवून मोठा करायचा बेत आहे का मास्तरीणबाईंचा? मी तर पोट धरून हसलो. ही लाल झाली आणि दोन तास कुणाशी बोलली नाही.

दोन तासांनी तिने विचारलं, हे प्लास्टिक गरम केलं की वाकतं का? वाकतं. मग तिने वरची, बाजूची सगळी माया कापायला लावली आणि फक्त खालची ठेवली. हीट गनने ती बाहेरच्या बाजूला वाकवून घेतली, थेट जमिनीला टेकेल अशी. तिन्ही रोबोंना घेरदार झालर आली. सरांनी स्वतःचा एक जुना रोबो आणला, पुढे पाचरीसारखं पातं असलेला. तो दुसऱ्याच्या खाली घुसतो आणि उलथून टाकतो. त्याने दहादा प्रयत्न केला. झालरीखाली त्याला शिरताच येईना. सर म्हणाले, हे तुम्ही मुद्दाम केलंत की चुकून? हिने माझ्याकडे बघितलं आणि मी तोंड बंद ठेवलं. मग वजनासाठी मी आतल्या भागांना भोकं पाडत सुटलो, आणि शेवटी काटा दोन किलो नऊशे चौऱ्याण्णव ग्रॅमवर थांबला.

तिघी पहिल्यांदा चालवायला बसल्या तेव्हा तिन्ही रोबो एकमेकांनाच धडकले. डावीकडे म्हणावं, तर कुणाची डावी? रोबो आपल्याकडे तोंड करून येत असला की त्याची डावी ती आपली उजवी. सर म्हणाले, यावर सराव हाच उपाय. ही म्हणाली, सराव झालेला आहे. आणि तिने कारखान्याचेच शब्द वापरायला सुरुवात केली. कच्चा टाका म्हणजे जाऊन टोचायचं आणि मागे यायचं. पक्का टाका म्हणजे धरून ठेवायचं, सोडायचं नाही. तुरपाई म्हणजे भिंतीच्या कडेकडेने जायचं, काठ शिवतात तसं. काज म्हणजे दोघींनी दोन बाजूंनी दाबून मध्ये फट ठेवायची आणि तिसरीने त्या फटीतून घुसायचं. उसव म्हटलं की तिघींनी तीन दिशांना पळायचं. हे शब्द त्यांना कुणी समजावून सांगितले नाहीत. दहा-बारा वर्षं त्या हे रोज ऐकत होत्या, फक्त आता हातात शर्टाऐवजी रिमोट होता.

संध्याकाळी पाळी सुटल्यावर रिकाम्या कटिंग टेबलावर सराव चालायचा. पहिल्यांदा काज बरोबर जमलं तेव्हा मी पाना हातात धरून उभा होतो. सरांचा रोबो मध्ये, थोरली आणि मधली दोन बाजूंनी सरकत आल्या, थांबल्या, आणि धाकटी त्या फटीतून सूंऽऽ करत गेली. मला काय वाटलं ते सांगतो. हे मी जोडलेलं आहे, हे माझे स्क्रू आहेत, हे मी साफ विसरलो. तीन जिवंत बहिणी एकमेकींचं मन ओळखून वागतायत, असंच वाटलं. मी पाना खाली ठेवला आणि टाळ्या वाजवल्या, जे मी सहसा करत नाही.

घसा बसायला लागला होता त्याआधीच तीन-चार महिने. सगळे म्हणाले, ओरडून होतंय. मीही म्हणालो. गुळण्या झाल्या, काढे झाले. मग गिळताना दुखायला लागलं तेव्हा मी तिला जवळजवळ ओढत नेलं. तपासण्या झाल्या. स्पर्धेला तीन आठवडे असताना डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं आणि सांगितलं. स्वरयंत्रातच गाठ आहे आणि ती वाईट आहे. वाढली आहे, त्यामुळे स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. गळ्याला भोक राहील, श्वास तिथून घ्यायचा. पुढे शिकून, एखाद्या यंत्राने थोडंफार बोलता येईल, पण आज आहे तो आवाज परत नाही. महिन्याभरात ऑपरेशन व्हायला हवं, त्याहून उशीर नको.

हिने एकच विचारलं. त्या यंत्राने चाळीस मशिनांच्या वर ऐकू जाईल का? डॉक्टर नाही म्हणाले. "मग मला नको," असं म्हणून ती उठली आणि पिशवी घेऊन बाहेर गेली. मी तिथेच बसून राहिलो. डॉक्टरांनी मला पाणी दिलं.

त्यानंतरचे तीन आठवडे आमच्या घरात जे झालं ते मी कुणाला दाखवणार नाही. मी चिडलो, विनवण्या केल्या, पुन्हा चिडलो. आमच्या मुलीने दुसऱ्या गावाहून फोन केला आणि नुसतीच रडली. ही सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि संध्याकाळी रिमोटची बॅटरी चार्ज करायची. एक दिवस मी ती बॅटरी हिसकावून घेतली. म्हटलं, जीव जायची वेळ आलीय आणि तुला खेळणी सुचतायत? ती शांतपणे म्हणाली, "मी त्या टेबलाशी कोण आहे माहितेय? लांबवर पोचणारा आवाज आहे. तो काढला तर तिथे एक हातवारे करणारी म्हातारी राहील. तिच्याकडे कोण वळून बघणार? असं जगण्यापेक्षा आहे तेवढं बोलून घेते."

मी बॅटरी परत दिली. पण राग काही गेला नाही, आणि रागाच्या खाली जी भीती होती ती तर मला उभं राहू देत नव्हती. तिला काय झालंय हे कारखान्यात कुणाला सांगायचं नाही, अशी तिने शपथ घातली होती. त्या तिघींना वाटायचं, घसा बसलाय, दुसरं काय.

स्पर्धा तंत्रशाळेच्या मोठ्या हॉलमध्ये होती. मध्यभागी जाड पारदर्शक प्लास्टिकची पेटी, एखाद्या खोलीएवढी, खाली लोखंडी पत्रा. चालवणाऱ्यांनी एका बाजूला उभं राहायचं, बाकीच्यांनी कुठेही. बारा संघ, सगळे कॉलेजातले, एकसारखे टी-शर्ट घातलेले. आम्ही पोचलो तेव्हा एकाने चेकरबाईंना खुर्ची आणून दिली आणि प्रेक्षकांची जागा तिकडे आहे म्हणून सांगितलं. चेकरबाईंनी खुर्ची ठेवून घेतली आणि मधलीला तिच्यावर बसवलं.

पहिली लढत दीड मिनिटात संपली. हिने घोगऱ्या आवाजात काज म्हटलं, आणि पुढचा रोबो धाकटीच्या पात्याने पाठीवर पडला तो उठलाच नाही. दुसरी लढत पूर्ण तीन मिनिटं चालली. हिचा आवाज मध्येच फाटायचा, पुन्हा लागायचा, पण त्या तिघी बरोबर पकडायच्या. कच्चा टाका, कच्चा टाका, उसव, तुरपाई, पक्का. शेवटी थोरलीने समोरच्याला कोपऱ्यात दाबून धरलं आणि भोंगा वाजेपर्यंत सोडलं नाही. आता पेटीभोवती गर्दी जमायला लागली होती. लोक कुजबुजत होते, या बाया काय भाषा बोलतायत? तिसरीही जिंकलो. आम्ही अंतिम फेरीत होतो आणि मला ते खरं वाटत नव्हतं.

अंतिम लढतीआधी अर्धा तास मिळाला. ही चहा घेऊन एका बाजूला बसली, कुणाशी बोलेना. मी विचारलं, आवाज गेला का? तिने मान हलवली, त्यातून हो की नाही ते कळलं नाही. समोरचा संघ गेल्या वर्षीचा विजेता. त्यांच्या रोबोच्या तोंडावर उभी फिरणारी जाड चकती होती, आणि तिचा आवाज हॉलभर घुमत होता.

तिघी आपल्या जागी उभ्या राहिल्या. मास्तरीण त्यांच्या मागे उभी राहायची, ती तिथे नव्हती. मी शोधलं तर ती पेटीला वळसा घालून पलीकडे गेली होती आणि तिघींच्या बरोबर समोर, काचेसारख्या त्या भिंतीला टेकून उभी होती. मी ओरडलो, तिकडून तुझं काय ऐकू येणार? तिने मला हाताने थांब म्हटलं. आणि भोंगा वाजला.

पहिली चाळीस सेकंदं माझ्या आयुष्यातली सगळ्यात वाईट. ती एक शब्द बोलली नाही. थोरली एकीकडे, मधली एकीकडे, धाकटी जागच्या जागी फिरतेय. चकतीने धाकटीला एक टोला हाणला आणि ती भिंतीवर आपटून परत चाकांवर पडली. काजवाली ओरडली, "बाई, बोला ना काहीतरी." पलीकडून काही नाही. मला वाटलं, संपला आवाज, आताच, सगळ्यांसमोर. मी तिच्याकडे धावायला निघालो होतो.

तेवढ्यात तिने तळहात त्या भिंतीला लावला. कटिंगआधी ती कापडावर हात फिरवते ना, सुरकुती काढायला, तसाच. आणि अंगठा खालच्या कडेने हळूहळू ओढत नेला. चेकरबाईंनी चष्म्यातून तो अंगठा बघितला. पेटीकडे बघता बघता समोर तो दिसणारच होता. मधली वळली आणि भिंतीच्या कडेकडेने निघाली. तुरपाई. तिच्यामागून थोरली निघाली. काजवालीचं तोंड उघडंच राहिलं, पण बोटं चालायला लागली.

मग जे सुरू झालं ते मी कसं सांगू? ती दोन्ही हात त्या भिंतीवर ठेवून कापड कापत होती. तर्जनी टोचली, कच्चा टाका. मूठ आवळली, पक्का. पाचही बोटं फाकली आणि तिन्ही रोबो तीन दिशांना उधळले. ती त्यांच्याकडे तोंड करून उभी, म्हणजे तिची डावी ती त्यांची उजवी, पण ती एकदाही चुकली नाही. शर्टाचा एक भाग सुलटा कापला की दुसरा उलटा कापावा लागतो, आणि ती तीस वर्षं दोन्ही एकदम कापत आलीय. यातली एकही खूण ठरलेली नव्हती. हे मला माहीत होतं, सगळे सराव मी बघितले होते. त्या तिघींना ती कळत होती कारण तो हात त्यांनी रोज बघितला होता, बघतोय हे ध्यानात न येता.

हॉलमध्ये फक्त त्या चकतीची घरघर आणि चाकांचा आवाज. पेटीत तीन पांढऱ्या वस्तू एका मोठ्या काळ्या वस्तूभोवती शिवण घालत होत्या, आणि बाहेर एक बाई ओठ मिटून उभी होती. माझ्या घरात राहणारी, माझ्याशी भाजीवरून भांडणारी बाई ही, आणि मला तिच्याकडे बघायची भीती वाटायला लागली, इतकी ती मोठी दिसत होती.

दोन मिनिटं झाली आणि चकतीने थोरलीचं चाक उडवलं. ती तिथेच बसली. नियम असा की अर्ध्याहून जास्त वजन चालतं असेल तर गट जिवंत धरतात. आमचे अठराशे ग्रॅम चालत होते. हिने उजवा हात खाली घेतला, डाव्याने पुढे चालू ठेवलं. ओव्हरलॉकवालीने रिमोट खाली ठेवला आणि मास्तरिणीचा हात धरावा तसा पेटीचा काठ धरून बघत राहिली. मधली आणि धाकटी शेवटच्या सेकंदापर्यंत लढल्या. भोंगा वाजला तेव्हा तिन्ही पंचांनी एकमेकांकडे बघितलं, बराच वेळ बोलले, आणि निकाल दोन विरुद्ध एक असा समोरच्यांच्या बाजूने दिला.

हरलो. काजवाली पंचांच्या सात पिढ्या काढायच्या तयारीत होती. पण जिंकलेला संघच आमच्याकडे आला आणि विचारायला लागला, ही खुणांची पद्धत कुठली, किती महिने बसवली? ओव्हरलॉकवालीने दिवसातलं एक वाक्य खर्च केलं. म्हणाली, "आज पहिल्यांदाच." ते हसले, त्यांना ती थट्टा वाटली.

ही गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आली. चेहरा घामाने भिजलेला आणि डोळे असे चमकत होते की जणू आम्हीच जिंकलोय. मी संतापून म्हटलं, आवाज गेला होता तर सांगायचंस, आणि खुणा करायच्या होत्या तर त्यांना आधी शिकवायच्यास. तिने घसा खाकरला. आवाज होता. फाटका, खरखरीत, पण होता.

"शिकवलं असतं तर त्यांनी शिकलेलं केलं असतं," ती म्हणाली. "मला बघायचं होतं, मी बोलले नाही तर त्या माझ्याकडे बघतात का. बघितलं ना त्यांनी, अहो. तिघींनी बघितलं." मग जरा श्वास घेऊन म्हणाली, "उद्या डॉक्टरांना कळवा. करून टाकू म्हणावं."

तीन आठवडे मी हेच ऐकायला भांडलो होतो. आणि ती तसं म्हणाल्याबरोबर मी तिथल्याच एका खोक्यावर बसलो. जीव वाचणार याचा आनंद व्हायला हवा होता, आणि माझ्या मनात एवढंच येत होतं की हा आवाज जाणार. हा, आत्ता कानात आहे तो. मला रडू आलं, लोकांसमोर, मिशीवरून ओघळ येईपर्यंत.

तिने विचारलं, आता काय झालं? मी म्हटलं, "बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही बोल."

ती मग कमरेवर हात ठेवून म्हणाली की थोरलीचं ते चाक सकाळीच ढिलं लागत होतं, तुम्हाला दोनदा सांगितलं, एक स्क्रू नीट आवळता येत नाही आणि म्हणे मिस्त्री, एवढी मोठी माणसं अशी खोक्यावर बसून रडतात का, रुमाल कुठेय, सकाळी खिशात घालून दिला होता तो कुठे हरवलात. तिला खोकला आला आणि ती थांबली. मी रुमाल काढून डोळे पुसले आणि म्हटलं, "आणखी बोल."